विजयदुर्ग

महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील (देवगड तालुका) एक जुने बंदर, जलदुर्ग व मराठी आरमाराचे प्रमुख ठाणे. ते वाघोटण खाडीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर आहे. जवळच्या गिर्ये गावावरून त्यास पूर्वी घेरिया म्हणत. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस किल्ला बांधला, अशी परंपरा आहे; आदिलशाहीकडून तो छत्रपती शिवाजी महाराजांकडे आल्यावर त्याची तटबंदी तिहेरी झाली.

तटांची ख्याती मोठी असली, तरी आरमाराचा खरा आधार खाडीच होती. कारण भर पावसाळ्यातही जहाजे तिच्यात निर्धास्त राहत. खाडीच्या आतल्या अंगास कातळ खोदून सुमारे ११० मीटर लांब व ७० मीटर रुंद गोदी केलेली आहे. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यावे आणि ओहोटीस तळ उघडा पडला, की त्यावरचे शंख-शिंपले खरवडून फळ्यांच्या फटी बुजवाव्यात, अशी ही सोय होती. गुराब (नाळेवर तोफा असलेली, दोन-तीन डोलकाठ्यांची युद्धनौका) आणि गलबत (शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारी हलकी नौका) यांची डागडुजी येथे होई. सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे यांच्या काळात इंग्रजांनी १७१७ व १७२० मध्ये आणि डचांनी १७२४ मध्ये केलेले हल्ले येथे फसले.

पुढे कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे व पेशवा बाळाजी बाजीराव यांच्यात वितुष्ट येऊन पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज सेनानी वॉटसन व क्लाइव्ह यांनी किल्ल्यावर तोफा डागल्या, तेव्हा एका जहाजास लागलेली आग पसरून खाडीत एकत्र उभे असलेले आंग्र्यांचे जवळजवळ सारे आरमार जळाले. शत्रूला जे साधले नव्हते, ते घरच्या भांडणाने घडले, आणि ही हानी मराठी सत्तेला पुढे कधीच भरून काढता आली नाही. त्याच वर्षी इंग्रजांनी बाणकोटच्या बदल्यात किल्ला पेशव्यांना दिला. त्यानंतर आनंदराव धुळप यांनी येथूनच पेशव्यांचे आरमार चालविले व १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला.

किल्ल्यातील ‘साहेबाचे कट्टे’ या चौथऱ्यांचा संबंध लोक हेलियमच्या १८६८ मधील शोधाशी जोडतात. परंतु त्या शोधाशी निगडित खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर येथे आला, तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेधासाठी.