नृत्यकलाकाराचा बायोडाटा

नृत्यकलाकाराचा बायोडाटा : व्यावसायिक नर्तक-नर्तकीची तालीम, शिक्षण, रंगमंचावरील काम, श्रेणी व पुरस्कार यांची पडताळून पाहता येईल अशी लेखी नोंद. महोत्सवांचे संयोजक, शिष्यवृत्ती देणारी कार्यालये, नृत्य शिकविणारी महाविद्यालये आणि नृत्यदिग्दर्शक तो मागतात. कार्यक्रमाआधी निवेदक वाचतो तो परिचय याहून वेगळा. दोन्हींसाठी एकच मजकूर पाठविण्याची सवय शास्त्रीय नृत्याच्या क्षेत्रात सर्रास आढळते आणि तिने कलाकाराचेच नुकसान होते. ‘प्रतिभावान’, ‘लोकप्रिय’, ‘रसिकमान्य’ ही विशेषणे परिचयात खपून जातात, पण निवड समितीला त्यांतून काहीच कळत नाही.

शास्त्रीय नृत्यात समितीची नजर आधी गुरूच्या नावावर जाते. कोणाकडे, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत शिकलो आणि घराणे वा बानी कोणती, एवढे दोन ओळींत यावे. पुण्यात रोहिणी भाटे (१९२४–२००८) यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती ही संस्था काढली. त्यांची स्वतःची कथकची तालीम लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे झाली होती. त्यांच्या शिष्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलीने हा दुवा नुसता नोंदला, तरी तिच्या नृत्याच्या वळणाचा जाणकाराला अंदाज येतो. म्हणूनच आठवडाभराच्या कार्यशाळेत शिकविणाऱ्या नामवंताला ‘गुरू’च्या रकान्यात बसविणे हा या लेखनातला सर्वांत गंभीर दोष मानावा लागतो. कार्यशाळा जरूर लिहावी, पण कार्यशाळा म्हणूनच. क्षेत्र लहान आहे. समितीवरची व्यक्ती त्या गुरूंना बहुधा प्रत्यक्ष ओळखत असते.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत चढत जातात. त्यांतली सर्वांत वरची उत्तीर्ण परीक्षा लिहिली की पुरे. विशारद झाल्यावर प्रवेशिकेचे आणि मध्यमेचे गुण देण्यात अर्थ नाही. पुण्याचे ललित कला केंद्र, मुंबईचे नालंदा नृत्यकला महाविद्यालय किंवा खैरागडचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय येथील पदवी रंगमंचासाठीच्या बायोडाट्यात गुरूच्या नावाखाली येते. अध्यापकपदाच्या अर्जात मात्र क्रम उलटतो आणि पदव्युत्तर पदवी व नेट-सेट सर्वांत वर जातात. दूरदर्शनची श्रेणी मिळाली असल्यास ती वर्षासह द्यावी.

बायोडाट्याचा खरा कस सादरीकरणांच्या यादीत लागतो. ‘देशविदेशांतील अनेक प्रतिष्ठित महोत्सवांत नृत्य सादर केले’ हे वाक्य शेकडो अर्जांत असते. त्याऐवजी ‘खजुराहो नृत्य महोत्सव, २०१९, समूहरचनेत सहभाग’ असे लिहिले की काम कोणते आणि आपला वाटा किती, हे एका ओळीत स्पष्ट होते. एकल की समूहात, हे लपविण्याचा मोह अनेकांना होतो. खरे तर मोठ्या महोत्सवातील समूहनृत्याला स्वतःची प्रतिष्ठा आहे आणि ती प्रांजळपणे सांगता येते. एकल कार्यक्रमाच्या नोंदीत कालावधी, ताल आणि साथ ही माहिती मोलाची ठरते : ‘एकल, ४५ मिनिटे, धमार व द्रुत त्रिताल, तबला-गायन-पढंत यांची प्रत्यक्ष साथ’. चौदा मात्रांच्या धमारासह पाऊण तास प्रत्यक्ष साथीवर पेलणे आणि ध्वनिमुद्रणावर पंधरा मिनिटे नाचणे यांतला फरक जाणकाराला सांगावा लागत नाही. भरतनाट्यम् कलाकाराने वर्णम् कोणते सादर केले आणि नट्टुवांगम् कोणी केले, ते लिहावे. संरचना स्वतःची असेल तर तसे म्हणावे, गुरूंची असेल तर गुरूंचे नाव द्यावे. हे श्रेय गाळणे अक्षम्य आहे.

सोबतची चित्रफीत सलग हवी आणि तिच्यात पाऊल दिसायला हवे. जवळून टिपलेले चेहऱ्याचे सुंदर तुकडे जोडलेल्या फितीवरून कथकचा तत्कार किंवा भरतनाट्यमची अरैमंडी पारखता येत नाही.

जन्मतारखेबाबत प्रथा वेगवेगळ्या आहेत. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटासाठी असते, कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २५ ते ४० या गटासाठी; तेथे वय टाळून चालत नाही. अमेरिकेतील निवडचाचण्यांसाठी उलट वय लिहीत नाहीत. उंची, कलाकार-संघटनेचे सदस्यत्व आणि कामांची यादी एका पानात बसवून ते पान आठ बाय दहा इंची छायाचित्राच्या मागे लावण्याची तेथे जुनी रीत आहे. तिकडे अर्ज करणाऱ्या मराठी नर्तकीला ‘विशारद’ म्हणजे किती वर्षांचा अभ्यास, हेही अर्ध्या ओळीत लिहावे लागते.

लावणी कलावंतांचा प्रश्न याहून अवघड आहे. पुण्याचे आर्यभूषण थिएटर, चौफुला, मोडनिंब अशा ठिकाणी वर्षानुवर्षे नाचलेल्या स्त्रियांचे काम तोंडी ख्यातीवर चालले. कागद कोणी ठेवलाच नाही. उतारवयात शासनाच्या कलावंत मानधनासाठी अर्ज करताना मात्र कामाचे पुरावे जोडावे लागतात आणि उभा जन्म बोर्डावर काढलेली बाई तेथे अडते. अशा बायोडाट्यात पार्टीचे (म्हणजे लावणीच्या संचाचे) व तिच्या मालकिणीचे नाव, त्या पार्टीतील वर्षे, थिएटर, बैठकीची लावणी की फडावरची आणि वगातील भूमिका यांची नोंद हवी. जोडीला पार्टीमालकिणीचे सहीचे पत्र, खेळाची हस्तपत्रके आणि वृत्तपत्रांतील जाहिराती ठेवाव्यात. कात्रणावर वृत्तपत्राचे नाव व तारीख त्याच दिवशी लिहावी, कारण बिनतारखेच्या कात्रणावरून काम कोणत्या वर्षीचे ते सिद्ध करता येत नाही.