काळ्या पडद्यामागचा संप



रॉबर्ट रॉड्रिग्ज आणि फ्रँक मिलर यांचा ‘सिन सिटी’ हा अमेरिकन चित्रपट २००५ साली आला. मिलरने १९९१ पासून काढलेल्या चित्रकथा त्यात पडद्यावर उतरल्या होत्या. सारे जग काळेपांढरे, आणि त्यात एखादेच लाल वस्त्र! लोक थक्क झाले. जगभर १५ कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न झाले. पुढे २०१४ साली ‘अ डेम टू किल फॉर’ हा दुसरा भाग आला, तो सुमारे ४ कोटींवरच थांबला. नावीन्य ओसरले, हिंसा कंटाळवाणी झाली, असा अनेक समीक्षकांनी निवाडा दिला. तो खरा आहे, परंतु अपुरा आहे.

युनियनचे काम करताना मला एक सवय जडली आहे. मारहाण झाली की ती कोणाच्या फायद्याची, हे आधी विचारावयाचे. या जातीच्या गुन्हेकथांच्या उगमाशी गेलो, तर हाच प्रश्न तेथे विचारलेला आढळतो.

डॅशिएल हॅमेट हा पिंकर्टन या खाजगी हेरसंस्थेत नोकरीस होता. संपकऱ्यांवर पाळत ठेवणे हाही त्या संस्थेचा धंदा. हॅमेटची ‘रेड हार्वेस्ट’ ही कादंबरी १९२९ साली निघाली. तिच्यातले गाव माँटानामधील ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या गावावर बेतले आहे, असे मानतात. त्याच ब्यूटमध्ये १ ऑगस्ट १९१७ रोजी फ्रँक लिटल या कामगार संघटकाला बुरखेधाऱ्यांनी खोलीतून ओढून नेले आणि रेल्वेच्या पुलाला फाशी दिले. मारेकऱ्यांवर खटला कधीच उभा राहिला नाही. कादंबरीतला खाणमालक संप मोडण्यासाठी गुंड आणतो. संप मोडतो, परंतु गुंड परत जात नाहीत, गावच बळकावतात. रक्त का सांडते, याचा हिशेब पहिल्याच प्रकरणात मांडला आहे, आणि तोही एका कामगार पुढाऱ्याच्या तोंडून.

आता २०१४चा चित्रपट पाहा. पोकरमध्ये हरवले म्हणून सिनेटर रोअर्क जॉनीची बोटे पकडीने मोडतो, पुढे त्याला ठार मारतो. शेवटी नॅन्सी रोअर्कला गोळी घालते. रोअर्क मेला, शहर मात्र जसेच्या तसे! तो कोणाच्या घामावर माजला, याची चौकशीच नाही. ओल्ड टाउनच्या वेश्या तेवढ्या आपल्या वस्तीचा कारभार एकीने चालवतात आणि पोलिसांना बाहेर ठेवतात. एकट्या वीराला न साधणारी गोष्ट त्यांनी साधली आहे. पण येथे त्यांना एका पुरुषाच्या सूडासाठी राबवून घेतले आहे.

अंधार रंगवण्याला माझी हरकत नाही. परंतु मारणारा आणि मरणारा दिसावा, आणि ज्याच्यामुळे हे घडते तो दिसू नये, अशा चित्रणाने तरुण प्रेक्षक हिंसेला केवळ सरावतो. हॅमेटचा वाचक निदान मालकाचे नाव विचारण्यास शिकत होता.