इंग्लिश जमीनदार घराण्यातील वारसाव्यवस्था : जमीन एकाची, चरितार्थ सर्वांचा

इंग्लंडच्या सामाजिक इतिहासाचा तास घेताना आपण बहुतेक वेळा एकच वाक्य सांगून पुढे जातो. इंग्लिश जमीनदाराची सर्व जमीन थोरल्या मुलाला मिळत असे आणि बाकीची मुले उघड्यावर पडत असत, असे ते वाक्य. त्याचा पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. दुसरा भाग मात्र तपासून पाहिला पाहिजे. विधवा, मुली आणि धाकटे मुलगे यांची तरतूद या घराण्यांत काळजीपूर्वक केली जात असे आणि त्यासाठी वकिलांकडून मोठमोठे दस्तऐवज तयार करून घेतले जात. प्रश्न तरतूद होती की नव्हती हा नाही, तर ती कोणत्या स्वरूपात होती हा आहे. प्रस्तुत लेखात साधारणतः १६६० ते १८८२ या काळातील या व्यवस्थेचा विचार केला आहे.

येथे ‘जेंटलमन’ म्हणजे उमराव नव्हे. वंशपरंपरागत किताब नसलेला, स्वतः नांगर न धरणारा, जमीन खंडाने देऊन त्या उत्पन्नावर राहणारा गावचा प्रतिष्ठित जमीनदार असा त्याचा अर्थ घ्यावा.

कायद्याने काय दिले होते

इंग्लंडच्या सामान्य कायद्यानुसार मृत्युपत्र न करता माणूस मेला तर त्याची जमीन थोरल्या मुलाकडे जाई. केंट परगण्यात मात्र ‘गॅव्हलकाइंड’ नावाची जुनी रूढी होती. तिच्यानुसार जमीन सर्व मुलग्यांत सारखी वाटली जाई. मुलगा नसेल तर मुली समान हिस्सेदार म्हणून वारस ठरत आणि चुलता किंवा चुलतभाऊ यांचा क्रमांक त्यांच्यानंतर लागे. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. विधवेला पतीच्या जमिनीच्या एक तृतीयांश भागाचा उपभोग हयातीपर्यंत मिळे. या हक्काला ‘डॉवर’ म्हणत. रोख, जनावरे, घरसामान अशा जंगम मालमत्तेचा नियम वेगळा होता. १६७० च्या कायद्यानुसार तिचा एक तृतीयांश भाग विधवेला मिळे आणि उरलेला भाग सर्व मुलामुलींत सारखा वाटला जाई. म्हणजे समान वाटणी इंग्लिश कायद्याला अपरिचित नव्हती, परंतु ती जमिनीला लागू नव्हती.

१५४० च्या कायद्याने मृत्युपत्राद्वारे जमीन देण्याची मुभा मिळाली आणि १६६० मध्ये लष्करी सेवेच्या अटीवर जमीन धारण करण्याची सरंजामी पद्धत रद्द झाल्यावर ती जवळजवळ पूर्ण झाली. बापाने मनात आणले असते तर त्याला सर्व मुलांत जमीन वाटता आली असती. त्याने तसे केले नाही, कारण जमिनीबरोबर घराण्याचे नाव, परगण्यातील वजन आणि पार्लमेंटच्या निवडणुकीतील प्रभाव हेही जोडलेले होते. दोन पिढ्यांत जमिनीचे तुकडे झाले असते तर हे सर्व संपले असते.

लग्नाच्या वेळी होणारा करार

जमीन कुळात बांधून ठेवण्याचा पहिला मार्ग १२८५ च्या कायद्याने मिळाला होता. ‘एन्टेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत जमीन ठरावीक वंशजांकडेच जाई. पंधराव्या शतकात वकिलांनी न्यायालयातील एका लुटुपुटीच्या दाव्याच्या आधारे हे बंधन तोडण्याची युक्ती शोधून काढली. पुढे सतराव्या शतकाच्या मध्यास, यादवी युद्धाच्या अस्थिर काळात, ऑर्लँडो ब्रिजमन आणि जेफ्री पामर या कायदेपंडितांच्या नावांशी निगडित असलेली नवी रचना रूढ झाली. तिला ‘स्ट्रिक्ट सेटलमेंट’ म्हणतात.

तिचे कामकाज असे चाले. थोरल्या मुलाच्या लग्नाच्या वेळी दोन्ही घराण्यांत करारपत्र होई. वडिलांच्या पश्चात मुलाला जमिनीचा हयातीपुरता हक्क मिळे आणि त्याच्या पोटी जन्माला येणाऱ्या पहिल्या पुत्राला ती ‘एन्टेल’च्या स्वरूपात दिली जाई. तो पुत्र जन्मापूर्वीच वारस ठरलेला असे. मधल्या काळात त्याचा हक्क बुडू नये म्हणून विश्वस्त नेमले जात. हयातीपुरता हक्क असलेल्या माणसाला खंड घेता येई, वाड्यात राहता येई. परंतु जमीन कायमची विकता येत नसे. लोक ज्याला मालक म्हणत, तो कायद्याच्या दृष्टीने एका पिढीचा राखणदार होता.

कायदा हे बंधन अनंत काळ चालू देत नसे. १६८२ च्या ड्यूक ऑफ नॉरफोकच्या खटल्यापासून विकसित झालेल्या नियमानुसार हयात व्यक्तींचे आयुष्य आणि त्यापुढे २१ वर्षे एवढीच मर्यादा होती. नातू २१ वर्षांचा झाला की वडिलांच्या संमतीने तो बंधन मोडू शकत असे. नेमक्या याच वेळी बाप त्याला वार्षिक खर्चाची रक्कम देऊ करी आणि त्या बदल्यात दोघे मिळून जमीन पुन्हा बांधत. मुलगा आता हयातीपुरता हक्कदार होई आणि त्याचा न जन्मलेला पुत्र पुढचा वारस ठरे. अशा रीतीने पिढ्यान् पिढ्या करार नवा होत राही. जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीत मिस्टर बेनेट पुत्राची वाट पाहत राहतात, ते याचमुळे. मुलगा वयात आला असता तर दोघांनी मिळून बंधन तोडले असते आणि पाच मुलींची सोय झाली असती.

विधवा, मुली आणि धाकटे मुलगे

याच करारपत्रात इतरांची तरतूद असे. वधूचा बाप हुंड्यादाखल रक्कम देई. तिच्या बदल्यात वधूला वैधव्यात ठरावीक वार्षिक रक्कम देण्याचे वचन मिळे. तिला ‘जॉइंचर’ म्हणत. अठराव्या शतकात १००० पौंड हुंड्यामागे वर्षाला सुमारे १०० पौंड असे प्रमाण सर्वसाधारण मानले जाई. हे वचन स्वीकारल्यावर ‘डॉवर’चा एक तृतीयांश हक्क संपुष्टात येई.

धाकटी मुले आणि मुली यांच्यासाठी ‘पोर्शन’ म्हणजे एकरकमी वाटा ठरे. ही एकूण रक्कमही त्यांच्या जन्मापूर्वीच करारात लिहिलेली असे. ती उभी करण्यासाठी जमीन ५०० वर्षांसारख्या प्रदीर्घ मुदतीने विश्वस्तांच्या नावे केली जाई. वेळ येताच विश्वस्त ती गहाण ठेवून पैसे काढीत आणि वारस व्याज फेडीत राही.

उदाहरणादाखल एक कल्पित हिशेब पाहू. इस्टेटीचे वार्षिक उत्पन्न ४००० पौंड आहे. वारसाच्या आईची ‘जॉइंचर’ ८०० पौंड. भावंडांच्या वाट्यांसाठी १०,००० पौंडांचे गहाण. १७१४ पासून व्याजाची कायदेशीर कमाल मर्यादा ५ टक्के होती. त्या दराने ५०० पौंड व्याज. वारसाच्या हाती २७०० पौंड उरतात. आजी हयात असेल तर तिची रक्कम आणखी वजा होईल. ‘सर्व काही थोरल्याला’ हे विधान किती ढोबळ आहे, हे यावरून दिसून येईल.

धाकट्या मुलग्याला मिळालेली रक्कम जन्मभर बसून खाण्यासाठी नसे. तिच्यातून शिक्षण, वकिलीची उमेदवारी किंवा सैन्यातील अधिकारपद विकत घेणे (ही विक्री १८७१ पर्यंत चालू होती) असा खर्च होई. काही घराण्यांच्या हाती चर्चमधील पाद्रीपदावर नेमणूक करण्याचा अधिकार असे. तेथे एका मुलाची सोय होई. ओळखीच्या बळावर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत जाणे हा आणखी एक मार्ग होता.

एका घराण्याचे उदाहरण

ऑस्टेन कुटुंबाचा वृत्तांत या दृष्टीने बोलका आहे. स्टीव्हेंटनचे पाद्री जॉर्ज ऑस्टेन यांच्याकडे स्वतःची इस्टेट नव्हती. त्यांचा मुलगा एडवर्ड यास केंटमधील गॉडमरशॅम आणि हॅम्पशायरमधील चॉटन येथील जमिनींचे मालक, अपत्यहीन नाइट दांपत्य यांनी आपला वारस केले. टॉमस नाइट १७९४ मध्ये वारले. इस्टेट प्रथम विधवेकडे हयातीपुरती आणि नंतर एडवर्डकडे जायची होती. कॅथरीन नाइट यांनी काही वर्षांतच स्वतःसाठी वार्षिक उत्पन्न राखून ती एडवर्डच्या स्वाधीन केली. १८१२ मध्ये त्यांच्या निधनानंतर एडवर्डने ‘नाइट’ हे आडनाव धारण केले. जमीन टिकवायची तर नाव टिकले पाहिजे, म्हणून वारसच परक्या घरातून आणून त्याला नाव दिले गेले.

उरलेल्या भावांपैकी जेम्स पाद्री झाला, हेन्री बँकेच्या व्यवसायात पडला आणि १८१६ मध्ये दिवाळखोर झाला, फ्रान्सिस व चार्ल्स आरमारात गेले. १८०५ मध्ये जॉर्ज ऑस्टेन वारले तेव्हा विधवा आणि कॅसांड्रा व जेन या दोन अविवाहित मुली यांचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे होते. जेनचे तर काहीच नव्हते. भावांनी वर्षासने देऊ केली. १८०९ मध्ये एडवर्डने चॉटन येथील एक घर त्यांना राहायला दिले. जेनच्या कादंबऱ्या प्रकाशित होऊ लागल्या त्या या घरातून. पण त्या घरावर तिचा हक्क नव्हता. भावाचा चांगुलपणा हाच आधार होता. चॉटनच्या इस्टेटीवर दुसऱ्या एका शाखेने १८१४ मध्ये दावा लावला तेव्हा या तिघींचे छप्परही धोक्यात आले. पुढे एडवर्डने मोठी रक्कम देऊन तो दावा मिटवला.

येथे आपल्या विषयाचे मर्म हाती लागते. लग्नाच्या करारात नाव असेल तर स्त्रीला कायद्याने वसूल करता येणारा हक्क होता. करार नसेल तर उरत होती ती भावाची मर्जी.

इतिहासकारांचा वाद

जॉन हबाकुक यांनी १९४० मध्ये असे मत मांडले की या करारांमुळे मोठ्या इस्टेटी टिकल्या आणि वाढल्या. लॉइड बॉनफिल्ड यांनी १९८३ च्या ग्रंथात ही व्यवस्था इतकी अभेद्य नव्हती, असे दाखवले. बाप लवकर वारला तर पुढचा करार होतच नसे. सुझान स्टेव्ह्ज यांनी १९९० मध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा अभ्यास करून न्यायालयांनी स्त्रियांचे हक्क कसे आकुंचित केले, ते मांडले. आयलीन स्प्रिंग यांचा १९९३ मधील मुद्दा सर्वांत मूलगामी आहे. त्यांच्या मते ही व्यवस्था धाकट्यांच्या कळवळ्यातून निर्माण झाली नव्हती. भाऊ नसलेल्या मुलीला सामान्य कायद्याने मिळणारी जमीन पुरुष नातलगाकडे वळवण्याचे ते साधन होते.

या वादात आणखी एक बाब महत्त्वाची वाटते. विधवेला आणि मुलींना मिळे ती ठरावीक रक्कम, आणि वारसाला मिळे ती जमीन. खंड वाढला, गावाखाली कोळसा सापडला, शेजारी शहर वाढले, तरी बहिणीचा वाटा लग्नपत्रात लिहिला तेवढाच राही. वाढ सारी जमिनीच्या बाजूला जाई. तरतूद होती, पण वृद्धीत भागीदारी नव्हती.

प्रिव्ही कौन्सिल आणि कौटुंबिक वक्फ

हा विषय भारताशीही येऊन भिडतो. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने प्रसन्नकुमार ठाकूर यांच्या मृत्युपत्रासंबंधी निर्णय देताना, इंग्लिश ‘एन्टेल’सारखी पुरुषवंशाची रचना हिंदू कायद्यात करता येत नाही असे ठरवले. पुढे १८९४ मध्ये, कलकत्त्याहून आलेल्या अबुल फता यांच्या अपिलात, लॉर्ड हॉबहाउस यांनी वंशजांसाठी केलेला वक्फ अवैध ठरवला. गरिबांचा लाभ वंश खुंटल्यानंतरच सुरू होणार असल्याने तो केवळ नावापुरता आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या देशातील जमीनदारांनी पिढ्यान् पिढ्या जमीन बांधून ठेवली, तेथील न्यायाधीशांनी असा निर्णय द्यावा, हे अनेकांना अन्यायाचे वाटले. मात्र हॉबहाउस इंग्लंडमधील अशा बंधनांचेही टीकाकार होते; १८८० मध्ये त्यांनी ‘द डेड हँड’ हा ग्रंथ याच विषयावर प्रसिद्ध केला होता. शिवाय इंग्लिश करार दर पिढीला नवा करावा लागे, वक्फ कायमचा असे. तरीही वंशजांची सोय हेही पुण्यकर्मच आहे ही इस्लामी कायद्यातील धारणा इंग्लिश ‘चॅरिटी’च्या मापाने मोजली गेली, हा न्यायमूर्ती अमीर अली यांच्यासारख्यांचा आक्षेप रास्त होता. १९१३ च्या कायद्याने कौटुंबिक वक्फला मान्यता मिळाली आणि १९३० च्या कायद्याने ती पूर्वीच्या वक्फांनाही लागू झाली.

तुलना करताना आपल्याकडेही पाहिले पाहिजे. शरियतनुसार मुलीचा हिस्सा निश्चित आहे आणि मृत्युपत्राने देता येणारा भाग एक तृतीयांशापुरता मर्यादित आहे. जेन ऑस्टेनसारखी मुलगी या नियमाने रिकाम्या हाताने राहिली नसती. परंतु १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळण्यात आली होती, आणि लग्नात खर्च केला म्हणून बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्याची रीत आपल्या सर्वच समाजांत परिचयाची आहे. ती रीत आणि इंग्लिश ‘पोर्शन’ यांत फार अंतर नाही. दोन्हीकडे बहिणीला रक्कम दिली की जमिनीचा विषय संपतो.

समारोप

१८८२ च्या कायद्याने हयातीपुरत्या हक्कदाराला जमीन विकण्याचा अधिकार दिला. त्याच वर्षी विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेची स्वतंत्र मालकी मिळाली. १९२५ च्या कायद्यांनी थोरल्या मुलाचा वारसाधिकार सर्वसाधारण वारसाहक्कातून काढून टाकला, त्याबरोबर केंटची रूढीही गेली. १९९६ च्या कायद्याने नवी ‘स्ट्रिक्ट सेटलमेंट’ करणे बंद झाले.

वर्गात हा विषय शिकवताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारता येतील. कोणाला काय मिळाले? ते जमिनीच्या रूपात की रकमेच्या? आणि ते मागण्याचा हक्क होता, की देणाऱ्याची इच्छा? हे तीन प्रश्न इंग्लंडच्या जुन्या करारपत्रांना जसे लागू पडतात, तसेच विद्यार्थ्यांच्या घरातील सात-बाराच्या उताऱ्यालाही लागू पडतात.