सनद आणि परीक्षा : इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)

हिंदी औद्योगिक आयोगाच्या (१९१६–१८) विचारातून ही संस्था उदयास आली. १९२० साली मद्रासेस तिची नोंदणी झाली, १९२१ मध्ये लॉर्ड चेम्सफर्ड यांनी कलकत्त्यास तिचे उद्घाटन केले आणि १९३५ साली तिला राजसनद लाभली. स्थापत्य, यंत्र, विद्युत् अशा विविध शाखांचे अभियंते तिच्यामुळे एकत्र आले. तथापि तिचे खरे ऐतिहासिक मोल १९२८ पासून घेतल्या जाणाऱ्या सभासदत्व-परीक्षेत आहे, असे आमचे मत आहे. ज्यांना महाविद्यालयाचे दार बंद होते, अशा ओव्हरसिअर व आरेखकांना नोकरी सांभाळून अभियंता होण्याचा मार्ग या परीक्षेने मोकळा केला. शासकीय नोकरीसाठी ती पदवीतुल्य मानली जाई. पुढे ३१ मे २०१३ पर्यंत नोंदलेल्या उमेदवारांपुरतीच ही मान्यता राखण्याचे शासनाने ठरविले. सनदेची प्रत दप्तरात सुरक्षित राहील. त्या परीक्षार्थींच्या श्रमांची नोंद इतिहासकारानेच घ्यावयास हवी.