हेझलची रात्र आणि ओढ्याकाठची घरं

ऑक्टोबर उजाडला की हॅमिल्टनमध्ये हवामानाचा अंदाज जरा जास्त वेळा बघितला जातो. पानं झडायला लागलेली असतात, नवरात्र-दिवाळीचे कार्यक्रम ठरलेले असतात, आणि कुठल्या शनिवारी पाऊस आहे हे हॉल घेतलेल्या मंडळींना माहीत असावं लागतं. अशात एखाद्या आठवड्यात अंदाज येतो: दक्षिणेकडून एका चक्रीवादळाचे अवशेष वर सरकत आहेत, पश्चिमेकडून शीत आघाडी येत आहे, शुक्रवारपासून जोराचा पाऊस आणि पूर्वेचा वारा, त्यानंतर वारा पश्चिमेला फिरून तापमानात मोठी घट.

तुम्ही मुंबईचा किंवा कोकणचा पाऊस पाहिलेला असेल, तर ‘अवशेष’ हा शब्द वाचून पुढे जाल. आपल्या चार महिन्यांच्या पावसापुढे हा पाऊस तो काय! पण याच शब्दामागे दक्षिण ओंटारिओचा एक मोठा इतिहास आहे, आणि तुमच्या घरामागून ओढा वाहत असेल तर तो तुमच्याही कामाचा आहे. म्हणून १९५४ सालच्या ऑक्टोबरमधली एक रात्र आधी सांगतो.

त्या महिन्याच्या सुरुवातीला कॅरिबियन समुद्रात ग्रेनाडाजवळ एक चक्रीवादळ तयार झालं. त्याचं नाव हेझल. १२ ऑक्टोबरला ते हैतीवरून गेलं आणि तिथे शेकडो माणसं मेली. १५ ऑक्टोबरला, शुक्रवारी सकाळी, ते अमेरिकेच्या कॅरोलिना किनाऱ्यावर धडकलं. एरवी अशी वादळं जमिनीवर आली की त्यांचा जोर ओसरतो, कारण त्यांचं इंधन म्हणजे समुद्राचं ऊबदार पाणी मागे राहतं. हेझल मात्र विलक्षण वेगाने उत्तरेकडे निघालं. सकाळी कॅरोलिनात असलेलं वादळ व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क ओलांडून त्याच रात्री ओंटारिओ सरोवरावर पोचलं.

इकडे दक्षिण ओंटारिओवर एक शीत आघाडी आडवी पसरली होती. शीत आघाडी म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड. थंड हवा जड असते. ती ऊबदार हवेच्या खाली पाचरीसारखी घुसते आणि तिला वर ढकलते. वर गेलेली हवा गार होते आणि तिच्यातली वाफ पाऊस होऊन पडते. हेझलने उष्ण कटिबंधातून आणलेली ओल या आघाडीला येऊन भिडली आणि दोन्ही मिळून एक नवीनच वादळ उभं राहिलं. म्हणजे चक्रीवादळ म्हणून हेझल खरोखरच क्षीण झालं होतं, पण त्यातला पाऊस क्षीण झाला नव्हता.

त्या वेळी उपग्रह नव्हते. हवामानाचा पहिला उपग्रह त्यानंतर साडेपाच वर्षांनी, एप्रिल १९६० मध्ये अवकाशात गेला. टोरोंटोच्या हवामान कार्यालयाने उपलब्ध निरीक्षणांवरून दिवसभर वादळाचा माग ठेवला होता, सूचनाही दिल्या होत्या. रात्री साडेनऊच्या निवेदनात सांगितलं गेलं, की वादळाचा जोर कमी झाला असून त्याला आता चक्रीवादळ म्हणता येणार नाही. ते मध्यरात्रीपूर्वी टोरोंटोच्या पूर्वेकडून जाईल, त्यानंतर मुख्य पाऊस लवकरच थांबेल आणि रात्रभर अधूनमधून हलक्या सरी येतील.

हे निवेदन निष्काळजीपणाने दिलेलं नव्हतं. चक्रीवादळ कशाला म्हणायचं हे वाऱ्याच्या वेगावर ठरतं, आणि डोंगर ओलांडताना हेझलचा वारा मंदावला होता. (तरी टोरोंटोत तो ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वाहिला.) अडचण वेगळीच होती. निवेदन पाऊस कधी थांबेल ते सांगत होतं. पण संध्याकाळपर्यंत पडून गेलेला पाऊस अजून वाटेत होता. आधीच्या दोन आठवड्यांतल्या पावसाने जमीन भिजून गच्च झाली होती. तिच्यात पाणी मुरायला जागाच उरली नव्हती, त्यामुळे पडलं ते जवळजवळ सगळं ओढ्यांत गेलं. सगळ्यात जड पाऊस ब्रॅम्प्टनच्या बाजूला झाला, २४ तासांत २०० मिलिमीटरहून अधिक. ते पाणी हंबर नदीतून आणि एटोबिको ओढ्यातून खाली शहराकडे निघालं, तेव्हा शहरातले लोक ‘जोर कमी झाला’ हे ऐकून झोपायला गेले होते.

हंबरच्या काठी रेमोर ड्राइव्ह नावाचा एक साधा रहिवासी रस्ता होता. त्याच्याजवळचा पादचाऱ्यांचा पूल पुरात तुटला आणि त्याच्या अवशेषांना अडून नदीचा लोंढा थेट घरांवर वळला. तिथे ३५ माणसं गेली. नदीतल्या एका गाडीत अडकलेल्यांना सोडवायला निघालेले पाच स्वयंसेवक अग्निशामक बुडाले. कॅनडात एकूण ८१ बळी गेले, आणि त्यातले बहुतेक वाऱ्याचे नव्हते, पाण्याचे होते.

पुण्यात जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ असे काळाचे दोन भाग असतात. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं आणि नदीकाठचं पुणं बदललं. टोरोंटो परिसराच्या इतिहासात हेझलची जागा साधारण तशीच आहे. फरक असा, की इथे कुठलं धरण फुटलं नव्हतं. नदी तिच्या नेहमीच्या पूरक्षेत्रात पसरली, आणि त्या जागेत माणसांनी घरं बांधलेली होती.

आता एक गंमत सांगतो. आकाशाचं मोजमाप करण्यात टोरोंटो मागे नव्हतं, आणि आपली मुंबईही नव्हती. पृथ्वीच्या चुंबकत्वाची जगभर एकाच वेळी नोंद ठेवायची, अशी एक मोहीम ब्रिटिशांनी १८३०च्या दशकाच्या अखेरीस आखली. तिच्यातून टोरोंटोत १८४०च्या सुमारास वेधशाळा उभी राहिली. मुंबईत कुलाब्याला १८२६ पासून वेधशाळा होतीच. तिथेही १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. लोकमान्य टिळकांचे गुरू केरूनाना छत्रे यांनी तरुणपणी या कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलं होतं. पुढे दोन्ही वेधशाळांवर एकच संकट आलं. विजेच्या ट्रामच्या प्रवाहाने चुंबकीय उपकरणं बिघडू लागली. टोरोंटोची उपकरणं १८९८ मध्ये शहराबाहेर अ‍ॅजिनकोर्टला हलवली गेली. मुंबईत ट्राम विजेवर जाणार हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. अलिबागच्या किनाऱ्यावर आपण लहानपणी हिंडलो, तिथल्या वेधशाळेची टोरोंटोतली एक चुलत बहीण आहे, असं म्हणायला हरकत नाही.

पण हे सगळं आकाशाचं झालं. पडलेला पाऊस जमिनीवर कुठे जाईल आणि वाटेत कोणाचं घर आहे, हा हिशेब ठेवायला दोन्हीकडे फार उशीर झाला. ओंटारिओत पाणलोट क्षेत्रानुसार संवर्धन प्राधिकरणं नेमण्याचा कायदा १९४६ सालचा आहे. त्याला खरी धार आली ती हेझलनंतर. पूर येऊ शकेल अशी जमीन विकत घेऊन मोकळी ठेवण्याचे अधिकार प्राधिकरणांना मिळाले. १९५७ मध्ये चार छोटी प्राधिकरणं एकत्र करून टोरोंटो परिसराचं मोठं प्राधिकरण झालं. हॅमिल्टनकडे १९५८ मध्ये स्पेन्सर ओढ्याचं प्राधिकरण स्थापन झालं आणि १९६६ मध्ये त्याचंच रूपांतर हॅमिल्टन विभागाच्या प्राधिकरणात झालं.

टोरोंटोत हंबरच्या काठाने तुम्ही पानांचे रंग बघायला गेला असाल. एवढ्या महागड्या शहराच्या मधोमध एवढी जमीन मोकळी कशी राहिली, असा प्रश्न कधी पडला का? त्यातली बरीचशी हेझलने मोकळी ठेवायला लावली. रेमोर ड्राइव्हवर जिथे घरं होती तिथे आज बाग आहे.

हॅमिल्टन त्या रात्री सगळ्यात जड पावसाच्या पट्ट्याबाहेर राहिलं, हा नशिबाचा भाग. पावसाचा पट्टा किती अरुंद असू शकतो हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहरात कुलाब्याला पाऊणशेच्याही आत. मिठी नदीचं नाव तोपर्यंत अनेक मुंबईकरांनी नदी म्हणून ऐकलंही नव्हतं. तिच्यासाठी वेगळं प्राधिकरण पुराच्या पुढच्याच महिन्यात स्थापन झालं. आणि योगायोग असा, की हॅमिल्टनच्या पूर्व भागात रेड हिल ओढ्याला मोठा पूर आला तो २६ जुलै २००९ला. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, रेड हिल व्हॅली पार्कवे पाण्याखाली गेला आणि हजारो घरांच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं.

हॅमिल्टनचा भूगोल यात भर घालतो. शहराच्या मधून जाणारा कडा, ज्याला इथले लोक ‘माउंटन’ म्हणतात, सुमारे शंभर मीटर उंच आहे. त्याच्यावर पडलेला पाऊस धबधब्यांनी खाली येतो. ते धबधबे बघायला आपण पाहुण्यांना हौसेने नेतो. पण जोराच्या पावसात तेच पाणी थोड्या वेळात खालच्या वस्तीत पोचतं. शिवाय हॅमिल्टन सरोवराच्या पश्चिम टोकाला आहे. पूर्वेचा वारा लांबून लाटा ढकलत आणतो आणि त्या बीचच्या पट्टीवर येऊन आपटतात. म्हणून अंदाजात पावसाइतकीच वाऱ्याची दिशाही वाचावी.

हेझल आजही कागदोपत्री जिवंत आहे. दक्षिण ओंटारिओच्या या भागात, हॅमिल्टन धरून, पूररेषा आखताना ‘हेझलचा पाऊस या ओढ्यावर पडला तर पाणी कुठवर येईल’ हेच माप धरतात: ४८ तासांत २८५ मिलिमीटर, त्यातले २१२ शेवटच्या १२ तासांत. त्या ओढ्यासाठी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा याहून मोठी निघाली, तर ती धरतात. आपल्याकडे महाराष्ट्रात निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कोल्हापूर-सांगलीच्या २०१९च्या पुरानंतर हे शब्द घरोघरी पोचले. इथे रेषेला रंगाऐवजी एका वादळाचा आधार आहे, एवढाच फरक.

आता तुमच्या घराकडे वळू. ओढ्याच्या घळीला लागून असलेली जागा इथे ‘रॅव्हिन लॉट’ म्हणून चार पैसे जास्त घेऊन विकली जाते. मागे झाडी, हरणं, शांतता. आपल्या बऱ्याच कुटुंबांना तेच हवं असतं. जरूर घ्या. पण सही करण्याआधी प्राधिकरणाच्या नकाशावर हेझलची रेषा कुठून जाते ते बघा. रेषेच्या आतल्या जागेत बांधकामाला, कधी साध्या भरावालाही, त्यांची परवानगी लागते. विम्याची कागदपत्रंही काढून वाचा. गटाराचं पाणी उलटं घरात येणं आणि जमिनीवरून वाहत येणारं पाणी घुसणं, या दोन्हींचं संरक्षण बहुतेक वेळा वेगळं मागून घ्यावं लागतं.

आणि या शरदात ‘अवशेष’ आणि ‘शीत आघाडी’ एकाच अंदाजात दिसले, तर दोन ठिकाणी बघा. पाऊस किती आणि वारा कुठून, हे एन्व्हायर्न्मेंट कॅनडा सांगेल. ओढ्याचं काय होणार, हे संवर्धन प्राधिकरणाच्या सूचनेत असतं: आधी ‘फ्लड वॉच’, म्हणजे पूर येऊ शकतो, आणि मग ‘फ्लड वॉर्निंग’, म्हणजे पूर येतो आहे किंवा आलाच आहे. आदल्या दिवशी दारासमोरच्या गटारावरची झडलेली पानं काढा, सम्प पंप चालतो का ते बघा, आणि मुलांना ओढ्याजवळ जाऊ देऊ नका. पाऊस थांबला तरी पुढचे काही तास हे शेवटचं विसरू नका. १९५४ साली साडेनऊचं निवेदन ऐकून झोपलेल्या माणसांना कोणी हे सांगितलं नव्हतं.