शिवाशिव आणि पाझर

इतिहास म्हटला की आपल्यापुढं राजे उभे करतात. गड, तहनामे, तलवारी. गटाराचा इतिहास कुणी शिकवत नाही. मी शाळा आठवीत सोडली. आता गिरणीत साच्यावर उभा असतो. जे वाचलं ते रात्रपाळी उतरल्यावर, वाचनालयाच्या बाकावर. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली ती इथं मांडतो. शहराखालचा मैला पिण्याच्या पाण्यात कुठून पाझरतो, हे शोधायला माणसं कशी शिकली, आणि आपल्या मुलखात त्याऐवजी कशावर पहारा ठेवला.

पहिली गोष्ट लंडनची. तिथं ब्रॉड स्ट्रीट नावाच्या गल्लीत 1854 च्या ऑगस्ट अखेरीस पटकीनं माणसं पटापट मरू लागली. या एका साथीत 616 मेली. त्या काळच्या शहाण्यांचं मत, रोग घाणेरड्या हवेतून येतो. जॉन स्नो नावाचा डॉक्टर म्हणाला, हवा नव्हे, पाणी. कोण कुठल्या पंपाचं पाणी प्यालं, हे त्यानं घरोघर विचारलं. 8 सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला. पण विहिरीत घाण आली कुठून? ते शोधलं हेन्री व्हाइटहेड या पाद्र्यानं. हा बाबा निघाला होता स्नोला खोटं पाडायला! विचारपूस करता करता 40 नंबरच्या घरातलं एक तान्हं पोर त्याला सापडलं. साथ भडकायच्या आधीच ते जुलाबांनी आजारी होतं, पुढं मेलं. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी घराच्या मैलाकुंडात टाकलेलं. 1855 साली खणून बघितलं, तर कुंडाच्या विटा कुजलेल्या, आणि विहीर तीन फुटांच्या आत. मैला मातीतून सरळ विहिरीत!

मला यात मोठी वाटते ती एकच गोष्ट. त्यांनी 'कुणी शिवलं?' असं विचारलं नाही. 'कुठून पाझरतं?' असं विचारलं. गटारावरची देखरेख म्हणतात ती या प्रश्नापासून सुरू होते.

आता आपली मुंबई. 1860 साली विहार तलावाचं पाणी नळानं शहरात आलं. पाणी आत आलं, पण वापरलेलं बाहेर न्यायला धड गटारं नव्हती. मैला उचलायचे ते हलालखोर, म्हणजे आपलेच भाऊबंद. 1888 च्या मुंबई महापालिकेच्या कायद्यात 'हलालखोर कर' असा करच होता. घरमालक कर भरी, टोपली हलालखोराच्या डोक्यावर.

1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघडा पडला. तेव्हा म्युनिसिपल कमिशनर होता तोही स्नो. नाव तेच, माणूस दुसरा. रोग घाणीतून उठतो या समजुतीनं त्यानं समुद्राच्या पाण्यानं आणि कार्बोलिकनं गटारं धुऊन काढली. पण प्लेग होता उंदराच्या पिसवांचा. सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं 1898 साली कराचीत ते दाखवलं. रोगी सक्तीनं उचलून न्यायचा हुकूम निघाला, तेव्हा ऑक्टोबरात गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलावर चालून गेले. सरकारला दुसरी धास्ती याहून मोठी होती. हलालखोर आणि झाडूवाले घाबरून पळाले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही! सक्ती सैल झाली त्यात या धास्तीचाही वाटा होता. एवढं बळ त्या हातांत होतं. मैला कुठं तुंबतो, कुठं मुरतो हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक. पण त्यांना विचारून नकाशा कुणी काढायचा? शिकलेला माणूस त्यांच्याशी बोलायला तयार न्हवता.

मग महाड. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करा, असा बोले यांचा ठराव 1923 साली कौन्सिलात झाला. 1924 साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांबरोबर आपले लोक तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या तळ्यावर ढोरांना मोकळीक होती. माणसांनी पाणी पिल्यावर मात्र तळं बाटलं. मग शुद्धी केली ती कशानं? शेण आणि गोमूत्रानं! पाणी शुद्ध आहे का याची तपासणी या देशात हजारो वर्षं चालूच होती. फक्त ती जातीची तपासणी होती. ओंजळीवर पहारा होता, मोरीवर न्हवता. हायकोर्टातला निकाल लागायला 1937 उजाडलं.

निसर्ग शिवाशिव मानत नाही. 1955 च्या अखेरीस दिल्लीत नजफगढ नाल्याचं घाण पाणी वजिराबादला, जिथून शहराचं पाणी उचलतात तिथवर फुगून आलं. सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. क्लोरीन टाकलेलं पाणी होतं. जंतू मेले, म्हणून विषमज्वर वाढला नाही. पण काविळीचा विषाणू तगला. पुढं त्याला हेपटायटिस ई हे नाव मिळालं. पोटुशी बाई त्यात लवकर दगावते. म्हणजे नुसती पावडर टाकून भागत नाही. घाण आत येते ती वाट बुजवावी लागते.

तोच रोग 2012 साली इचलकरंजीत आला. मागांचं, कामगारांचं गाव. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि हजारो माणसं पिवळी पडली, काही गेली.

हे घडतं कसं ते समजून घ्या. नळाची पाइप आणि गटार शेजारी शेजारी. पाणी चालू असतं तेव्हा पाइपीत दाब असतो, फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर गळतं. पाणी बंद झालं की दाब जातो, आणि तोच सांधा बाहेरची घाण आत ओढतो. दिवसातून तासभर पाणी येणाऱ्या वस्तीत ही ओढ रोजची. म्हणून सकाळची पहिली धार वास मारते. गिरणीत साच्यावर तार तुटली तर सांधायला माणूस उभा असतो, बाद सुताचा हिशोब होतो. मातीखाली सांधा तुटला तर आपल्याला तो काविळीवरून कळतो.

उपाय ठाऊक नाहीत असं नाही. गटारात धूर सोडून फट शोधतात, रंग सोडतात, कॅमेरा सोडतात. नळाच्या टोकाला लिटरमागं किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे, हा दंडक आहे. ओटी टेस्टमध्ये नळी पिवळी झाली की ते दिसतं. 100 मिलिलिटर पाण्यात मैल्याचा एकही जंतू नको, हाही दंडक आहे. 1974 चा जल प्रदूषणाचा कायदा आहे. पण नळही नगरपालिकेचा, गटारही तिचं, पहिली तपासणीही तिचीच. मग गुन्हेगार सापडायचा कसा?

आणि आपल्याकडं गटारात कॅमेऱ्याआधी माणूस सोडतात. 1993 चा कायदा झाला, 2013 चा झाला. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना 10 लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं 2014 साली सांगितलं. 2023 साली 30 लाख केले. मरणाची भरपाई वाढली, मरण थांबलं नाही.

म्हणून माझं मागणं सरळ हाय. माणूस वर, यंत्र खाली. रोजची ओटी टेस्ट वस्तीच्या भिंतीवर खडूनं लिहा, तारखेसकट, म्हणजे आमची पोरंही वाचतील. फुटलेल्या सांध्यांची वही चावडीवर ठेवा. गटारात उतरून ज्यांनी शहराचं पोट बघितलंय, त्यांना पगारी तपासनीस करा आणि नकाशा त्यांच्या तोंडून लिहून घ्या. पिढ्यान् पिढ्या आमची ओंजळ तपासली. आता तुमचे पाइप आम्ही तपासणार.