उद्यांवर गेलेला कर

जमिनीची किंमत मालकाच्या श्रमावांचून वाढूं शकते, हें शहराच्या वेशीवरील शेतकऱ्याला अर्थशास्त्र न शिकतांहि ठाऊक असतें. शहर सरकत सरकत वेशीपर्यंत येतें, सार्वजनिक पैशानें रस्ता होतो, नळ आणि गटारें येतात, नगररचनेच्या नकाशावर त्या शेताला घरबांधणीचा रंग दिला जातो. आणि कालचें कुरण आज सोन्याच्या भावाचें होतें. वाढलेली किंमत समाजानें निर्माण केलेली, पण तिचा धनी मालक. शिवाय आज न विकतां थांबलें, तर उद्यां भाव आणखी चढतो. थांबण्यालाच असा नफा मिळूं लागला, म्हणजे घरें कोणीं बांधावीं? आयर्लंडच्या राज्यकर्त्यांपुढें हा प्रश्न अर्ध्या शतकाहून अधिक काळ उभा आहे, आणि त्याचें उत्तर वेळोवेळीं लांबणीवर पडत आलें आहे.

१९६० नंतरच्या दशकांत डब्लिनभोंवतालच्या जमिनीचे भाव कित्येक पटींनीं चढले, तेव्हां १९७१ सालीं न्यायमूर्ति जॉन केनी यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली. विकासयोग्य जमीन तिच्या चालू उपयोगाच्या किंमतीवर शेंकडा २५ अधिक देऊन स्थानिक संस्थांनीं विकत घ्यावी, ही तिची मुख्य शिफारस. अहवाल १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. मंत्रिमंडळें आलीं आणि गेलीं. घटनेनें दिलेल्या मालमत्तेच्या हक्काला बाध येईल, अशी शंका पुढें करण्यांत आली, आणि शिफारस कागदावरच राहिली. घटनेचा विचार समितीनें आधींच केला होता, याची आठवण फारशी कोणीं ठेवली नाहीं.

पुढें २००८ चें अरिष्ट आलें. २००६ सालीं सुमारें ९०,००० घरें बांधणाऱ्या देशांत २०१३ सालीं पांच हजारहि पुरीं झालीं नाहींत. लोकसंख्या मात्र वाढत राहिली. भाडीं आवाक्याबाहेर गेलीं, आणि मिळवतीं मुलें आईबापांच्याच घरीं राहूं लागलीं. २०१५ च्या कायद्यानें रिकाम्या जागांवर पट्टी बसविली. २०१८ सालासाठीं शेंकडा ३ आणि नंतर ७. जागांची नोंदवही ठेवणें व वसुली करणें हीं दोन्ही कामें स्थानिक संस्थांकडे होतीं. वसुली नांवापुरतीच झाली.

म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्यें अर्थमंत्री पास्कल डोनोहू यांनीं नवा कर जाहीर केला. घरांसाठीं राखलेल्या, आणि रस्ता, पाणी, मैलावाहिनी यांची सोय असलेल्या मोकळ्या जमिनीवर बाजारभावाच्या शेंकडा ३ इतकी रक्कम दरसाल द्यावयाची होती. तिजोरी भरणें हा हेतु नव्हता. मालकानें बांधावें किंवा बांधणाऱ्याला विकावें, इतकेंच हवें होतें. नकाशे करण्यास अवधि हवा, म्हणून आरंभाची तारीख १ फेब्रुवारी २०२४ ठरली.

नोव्हेंबर २०२२ मध्यें कच्चे नकाशे प्रसिद्ध झाले आणि खळबळ उडाली. रंगविलेल्या जमिनींत सट्टेवाल्यांच्या जागा होत्या, तशीं पिढ्यान्‌पिढ्या कसलीं जाणारीं शेतेंहि होतीं. समजा, एखाद्या शेताचा बाजारभाव या रंगामुळें दहा लक्ष युरो झाला. तर त्याच्या धन्यानें दरसाल ३०,००० युरो भरावयाचे! गाईंच्या दुधावर एवढी रक्कम कशी निघावी? हा रंग आम्हीं मागितलाच नव्हता, असें शेतकरी म्हणत, आणि पुष्कळांच्या बाबतींत तें खरेंच होतें.

खरा शेतकरी आणि वाट पाहणारा सट्टेवाला यांस वेगळें काढणें कठीण. चार मेंढ्या चरावयास सोडल्या, कीं सट्टेवालाहि शेतकरी दिसूं लागतो. सर्वांनाच मुदत देणें सोपें. १० ऑक्टोबर २०२३ रोजीं अर्थमंत्री मायकेल मॅग्राथ यांनीं कर एक वर्ष पुढें ढकलला. वाण्याच्या दुकानांतील ‘आज रोख, उद्यां उधार’ ही पाटी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस अशा ‘उद्यां’ची ओळख असतेच. त्या वर्षानें शेतकऱ्याला दिलासा मिळाला, हें खरें. पण थांबून बसलेल्या भांडवलालाहि त्यांत वांटा मिळाला, आणि घर शोधणाऱ्याच्या वांट्याला आणखी एका वर्षाचें भाडें आलें.

१ ऑक्टोबर २०२४ रोजीं नवे अर्थमंत्री जॅक चेंबर्स यांनीं कर पुन्हां लांबविला नाहीं, परंतु जमिनीचा रंग बदलून मागण्याची आणखी एक संधि दिली. तसा अर्ज करणाऱ्यास २०२५ पुरती माफी मागतां येत होती. १ फेब्रुवारी २०२५ रोजीं कर अखेर लागू झाला, आणि पहिला भरणा करण्याची तारीख २३ मे ठरली.